सहल: सेल्टिक पार्क, आयब्रॉक्स की फर पार्क?

विषय: मुलांची सहल

मंडळी, नमस्कार.
दिवाळीआधी एका रविवारी मुलांना एखादं फुटबॉलचं मैदान दाखवून आणायचं कार्यकारिणीत ठरलंय. ग्लासगोतलं सेल्टिक क्लबचं सेल्टिक पार्क आणि रेंजर्सचं आयब्रॉक्स अशी दोन नावं आली आणि बैठकीतच दोन तट पडले. पुण्या-मुंबईहून स्कॉटलंडला येऊन पुरते रुळलो नाही, तोवर आपणही सेल्टिकचे हिरवे आणि रेंजर्सचे निळे झालो! तिसरं काही सुचत असेल तर गुरुवारपर्यंत कळवा. डबे कुणी काय आणायचे ते नंतर बघू.
— सचिव

विषय: उत्तर: मुलांची सहल

सचिवबाई, तिसरं आमच्या दाराशी आहे. फर पार्क, मदरवेल गावातल्या मदरवेल क्लबचं मैदान. इथे राहतो म्हणून वकिली करतोय असं म्हणाल तर म्हणा, पण आधी हिशेब बघा.

दोन महायुद्धांच्या मध्ये, १९१९-२० ते १९३८-३९, स्कॉटिश लीगचे २० हंगाम झाले. १५ रेंजर्सनी नेले, ४ सेल्टिकनी. उरला एक, १९३१-३२ चा, तो मदरवेलचा. त्याआधी या दोघांना सोडून कुणी लीग जिंकली होती ती १९०४ साली थर्ड लॅनार्कने, आणि त्यानंतर थेट १९४८ साली हिबर्नियनने.

आणि हा काही मटका लागला नव्हता. १९२६-२७ पासून मदरवेल दरवर्षी पहिल्या तिनात होतं. मॅनेजर जॉन हंटर. डुलत चालायचा म्हणून त्याला सगळे ‘सेलर’ म्हणत. १९११ ला आला तो १९४६ पर्यंत हलला नाही. डावीकडे जॉर्ज स्टीव्हनसन आणि बॉब फेरियर ही जोडी. फेरियर वाढला स्कॉटलंडमध्ये, पण जन्म शेफील्डचा, म्हणून स्कॉटलंडच्या संघात त्याला कधी घेतलं नाही. मध्ये विली मॅकफेडियन: ३४ सामन्यांत ५२ गोल. स्कॉटलंडच्या वरच्या लीगमध्ये एका हंगामात इतके गोल त्याच्याआधी कुणी केले नव्हते, नंतरही नाही. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला, पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे तीनऐवजी दोन जण असले तरी चालायला लागलं, त्यामुळे त्या काळात गोलांचा पाऊसच पडायचा हे खरं. पण तो पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत होता!

लीग जिंकली त्याच्या आदल्या हंगामातली, एप्रिल १९३१ ची गोष्ट ऐका. ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर स्कॉटिश कपची फायनल, लाखावर माणूस, समोर सेल्टिक. मदरवेल २-० ने पुढे आणि शेवटची काही मिनिटं उरलेली. सेल्टिकच्या मॅकग्रोरीने एक गोल परत केला. मग अगदी शेवटच्या मिनिटाला त्यांच्याच बर्टी थॉमसनचा क्रॉस आला आणि मदरवेलच्याच अॅलन क्रेगने तो डोक्याने स्वतःच्या गोलात घातला. चार दिवसांनी सामना पुन्हा झाला, सेल्टिक ४-२. हातातोंडाशी आलेला घास असा गेल्यावर दुसरा एखादा संघ पुढचं वर्षभर तोंड पाडून बसला असता.
— मदरवेलकर काका

विषय: उत्तर: मुलांची सहल

काका, नमस्कार. मदरवेलचं सगळं मान्य. पण १९३१-३२ म्हटलं की आमच्या फाइफमध्ये पहिलं नाव निघतं ते जॉन थॉमसनचं, आणि तुम्ही ते घेतलंच नाहीत.

सेल्टिकचा गोलकीपर. आमच्या इथल्या कार्डेंडनचा, कोवळ्या वयात कोळशाच्या खाणीत कामाला लागलेला पोरगा. ५ सप्टेंबर १९३१, आयब्रॉक्स, समोर रेंजर्स. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात रेंजर्सचा सॅम इंग्लिश चेंडू घेऊन एकटा सुटला. तो मारणार तोच थॉमसनने त्याच्या पायांवर झेप घेतली आणि डोकं गुडघ्यावर आदळलं. कवटीला खोक पडली. गोलमागच्या रेंजर्सवाल्यांतले काही जण तर हुर्यो करायला लागले. त्यांचाच कॅप्टन डेव्ही मायकलजॉन तिकडे जाऊन हात वर करून उभा राहिला, तेव्हा कुठे ते गप्प झाले. बदली खेळाडू तेव्हा नसायचा. चिक गेटन्स या हाफबॅकला गोलमध्ये उभं केलं आणि सामना पुढे चालू! ०-० संपला. थॉमसन त्याच रात्री व्हिक्टोरिया इन्फर्मरी या हॉस्पिटलात वारला. वय २२.

कार्डेंडनला अंत्ययात्रेसाठी ग्लासगोहून लोक पायी आले होते, पन्नासेक मैल. हाताला काम नव्हतं, तिकिटाला पैसे कुठून आणणार? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकला जॉन ब्राउनच्या गोदीत ५३४ नंबरच्या जहाजाचं, म्हणजे पुढच्या ‘क्वीन मेरी’चं, काम बंद पडलं आणि हजारो माणसं घरी बसली.

आणि हो, हिरव्या-निळ्याच्या तटांसाठी: कॅथलिकांचा क्लब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेल्टिकचा हा कीपर प्रॉटेस्टंट होता.
— फाइफच्या ताई

विषय: उत्तर: मुलांची सहल

ताई, काका, मी ग्लासगोत नवीन आहे, मास्टर्सला आलोय. एक विचारू का? त्या प्रसंगानंतर रेंजर्स खचले आणि मदरवेलचं फावलं, असं तर नाही ना झालं?
— नवा विद्यार्थी

विषय: उत्तर: मुलांची सहल

अरे नाही. आणि हा प्रश्न मदरवेलच्या पबमध्ये विचारू नकोस बाबा.

रेंजर्सनी ३८ पैकी २८ सामने जिंकले आणि ११८ गोल मारले. त्यातले ४४ एकट्या सॅम इंग्लिशचे. लीगच्या एका हंगामातला रेंजर्सचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. खचलेला संघ असा खेळतो होय? मदरवेलचे गोल ११९, फक्त एक जास्त. खरा फरक दुसऱ्या रकान्यात आहे: रेंजर्सनी ४२ खाल्ले, मदरवेलने ३१. मदरवेल ३० जिंकलं, ६ बरोबरीत, हरलं दोनच. जिंकल्यावर तेव्हा दोन गुण मिळायचे, म्हणून ६६ विरुद्ध ६१.

जो तो मॅकफेडियनचे ५२ सांगत सुटतो. माझं मत विचारशील तर लीग जिंकली ती मागच्या फळीने. गोलमध्ये अॅलन मॅक्लोरी, आणि सेंटर-हाफला कोण? तोच अॅलन क्रेग, हॅम्पडनवर स्वतःच्या गोलात चेंडू घालणारा. हंटरने त्याला काढला नाही. मला त्या हंगामात सगळ्यात जास्त हेच आवडतं.

ताई, थॉमसनचं नाव घेतलंत ते बरंच केलंत, पण मग इंग्लिशचंही घ्यायला हवं. चौकशीत अपघात ठरला, थॉमसनच्या घरच्यांनीही त्याला दोष दिला नाही. सेल्टिकचे मॅनेजर विली मेली मात्र चौकशीत एवढंच म्हणाले की, तो अपघात असावा अशी आशा आहे. एवढ्याने जे व्हायचं ते झालं. जाईल तिथे प्रेक्षक त्याला खुनी म्हणून हिणवत. ४४ गोल करूनही १९३२ मध्ये तो लिव्हरपूलला गेला, पुढे आणखी दोन-तीन क्लब, आणि १९३८ मध्ये खेळच सोडला.
— मदरवेलकर काका

विषय: उत्तर: मुलांची सहल

काकांच्या मदरवेलचा एक धागा कोलकात्यापर्यंत जातो. माझं बालपण तिथलं, म्हणून राहवत नाही. १९३६ मध्ये कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबचा मोहम्मद सलीम सेल्टिकच्या दुसऱ्या संघातून खेळला, बूट न घालता, पायांना नुसती बँडेजं बांधून. गॅल्स्टनविरुद्धचा सामना सेल्टिकने ७-१ जिंकला. घरची ओढ लागली आणि तो परत गेला. बँडेज बांधतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. बांधणारे सेल्टिकचे ट्रेनर जिमी मॅकमेनेमी, आणि १९३१-३२ च्या मदरवेलमध्ये उजवीकडे खेळणारा जॉन मॅकमेनेमी हा त्यांचाच मुलगा. मुलांना हे सांगाच.
— एडिंबराच्या वहिनी

विषय: ठरलं: मुलांची सहल

फर पार्क. एअरबल्स स्टेशनला उतरायचं, तिथून मैदान चालत जवळ आहे. माहिती काका सांगतील, पण काका, अर्ध्या तासात. मुलं आहेत. ताई, कार्डेंडनला वसंतात वेगळं जाऊ, एका दिवसात दोन्ही उरकायला नको.
— सचिव

विषय: उत्तर: ठरलं: मुलांची सहल

अर्धा तास तर अर्धा तास. मुख्य स्टँड मात्र मी दाखवणारच. लोखंडी सांगाडा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे, पण बसायच्या जागा मध्येच संपतात. १९६२ मध्ये बांधकाम चालू असताना शेजारच्या घरमालकाने हरकत घेतली, आणि क्लबला तिथेच थांबावं लागलं. ज्यांनी सोसायटीच्या कमिटीवर काम केलंय त्यांना जास्त समजावून सांगावं लागणार नाही.
— मदरवेलकर काका