माळ्यावर सापडलेली मस्टँग गिटार, ऑइलपेंट फासलेली, एक पिकअप मेलेला… सुरुवात कुठून करू?

माळ्यावरचा_खजिना

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मामाच्या माळ्यावर गिटारची एक केस सापडली. उघडली तर आत फेंडर कंपनीची मस्टँग, इलेक्ट्रिक गिटार, म्हणजे हेडस्टॉकवर (गिटारच्या माथ्यावर) अर्धवट पुसलेलं नाव आहे त्यावरून म्हणतोय. केस ओल्या भिंतीला टेकून कित्येक वर्षं पडून होती त्यामुळे आतलं अस्तर सडलंय आणि गिटारला जो वास येतोय तो विचारू नका. अवस्था सांगतो. पूर्ण बॉडीवर कोणीतरी काळा ऑइलपेंट फासलाय, ब्रशने, ब्रशचे केस चिकटलेले दिसतात त्यात. मधोमध तिसरा पिकअप (तारांचा आवाज उचलणारं चुंबक-गुंडाळी) बसवायला छिन्नीने खड्डा खणलाय आणि पिकगार्डही (बॉडीवरचं संरक्षक कव्हर) तिथे कापलाय, पण तो तिसरा पिकअप गायब. नेक (गिटारची मान) जिथे बॉडीत बसते त्या खाचेच्या कडेला चीर. फ्रेट्स (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) हिरव्या पडल्यात, नेक पुढे वाकलीय, पाचपैकी… सॉरी, सहापैकी दोन ट्यूनर फिरतच नाहीत. स्क्रू सगळे गंजलेले. ट्रेमोलोचा दांडा नाही.

आवाज म्हणाल तर अँपला लावली, पुढच्या पिकअपचा आवाज नाही, मागच्याचाही नाही, फक्त जॅक हलवला की खर्रर्र.

एका दुरुस्तीवाल्याला दाखवली. तो म्हणाला सगळं खरवडून नवा रंग मारू, पिकअप नवे टाकू, एकदम चकाचक करून देतो. मला काहीतरी खटकलं म्हणून परत घेऊन आलो.

आतल्या पॉटवर (व्हॉल्युम-टोन फिरवायचा भाग) १३७६६१२ असा आकडा आहे, त्यावरून १९६६ ची असावी असं मी धरून चाललोय. मागे नेक प्लेटवर (नेक बॉडीला जोडणारी धातूची पट्टी) मोठा एफ आहे. मला सोल्डरिंग जमतं, लाकूडकाम फारसं नाही. विकायची नाहीये, वाजवायचीय. काय आधी करू आणि काय अजिबात करू नको?

सोल्डरवाला

पहिलं म्हणजे परत घेऊन आलात ते उत्तम केलंत. सगळा रंग पार खरवडला की ते परत फिरवता येत नाही, बाकी बरंच काही फिरवता येतं.

आता तारखेचं. १३७ हा पॉट बनवणाऱ्या सीटीएस कंपनीचा आकडा, ६६ म्हणजे १९६६, १२ म्हणजे बारावा आठवडा. पण हा पॉट बनल्याचा आठवडा झाला, गिटारचा नाही! १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन कंपनीने फेंडर विकत घेतली आणि नंतर १९६६ मध्ये पॉट्सचा इतका प्रचंड साठा भरून ठेवला की १९६९ पर्यंतच्या गिटारींमध्ये ६६ चेच पॉट निघतात. म्हणजे तुमची ६६ च्या आधीची नाही एवढं नक्की, तेही पॉट मूळचेच असले तर. ते कळायला सोल्डर बघा, मूळ सोल्डरचा थेंब मळकट आणि न हललेला दिसतो, नंतर कोणी हात घातला असेल तर लगेच ओळखू येतं. नेक काढलीत की टाचेवर (नेकच्या बॉडीकडच्या टोकावर) शाईचा शिक्का बघा, महिना-वर्ष असतं, शेवटी ए, बी, सी किंवा डी अक्षर असतं ते नटची (हेडस्टॉकपाशी तारा टेकवणाऱ्या पट्टीची) रुंदी सांगतं. तोही नेकचाच शिक्का, पण पॉटपेक्षा बरा पुरावा. फोटो काढल्याशिवाय पुसू नका.

आणि आता गंमत. मस्टँगच्या दोन्ही पिकअपला वेगवेगळा सरकता स्विच असतो, तीन जागांचा. मधली जागा म्हणजे बंद. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मीही एक अख्खी संध्याकाळ पिकअप मेला म्हणून शोक करत बसलो होतो. दोन्ही स्विच एकाच बाजूला ढकलून बघा, उलट बाजूंना ढकललेत तर फेज उलटी होते (दोन पिकअप एकमेकांना खोडतात) आणि आवाज बारीक नाकातला येतो, तो बिघाड नव्हे.

तरी नाही आलं तर मल्टिमीटर घ्या. गिटारमध्ये केबल लावा, व्हॉल्युम पूर्ण, टोन पूर्ण, एक पिकअप चालू, केबलच्या दुसऱ्या बाजूच्या प्लगचं टोक आणि त्यामागची बाही यांच्यात ओहम मोजा. साडेपाच ते साडेसहा किलोओहमच्या आसपास आलं तर पिकअप जिवंत (व्हॉल्युम पॉट समांतर येतो म्हणून खऱ्यापेक्षा जरासं कमी दिसेल, चालतं). त्याआधी स्विचमध्ये आणि पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा मागेपुढे करा, अर्ध्या केसेस इथेच संपतात.

एक हात जोडून विनंती. पिकअपच्या चुंबकांना वरून दाबू नका, स्क्रूड्रायव्हरने तर नाहीच. या पिकअपमध्ये तार थेट चुंबकांभोवती गुंडाळलेली असते, चुंबक अर्धा मिलिमीटर सरकला तरी आतली तार तुटते.

सातवी_फ्रेट

मी काळा रंग तसाच ठेवेन. खरंच. कोणीतरी कधीतरी बंडखोरी म्हणून फासला असेल, तीही त्या गिटारचीच गोष्ट आहे की.

माळ्यावरचा_खजिना

सोल्डरवाला, तुम्हाला साष्टांग दंडवत. मागचा पिकअप स्विच मधोमध होता म्हणून बंद होता 🤦 ढकलला आणि खर्रर्र करत का होईना बोलला. ५.८ किलोओहम.

पुढचा मात्र खरंच मेलाय, मीटर ओएल (म्हणजे सर्किट तुटलेलं) दाखवतो. थेट त्याच्या वायरींवर मोजलं तरी तेच. कव्हर काढलं, गुंडाळीवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी आहे, आणि भिंगातून पाहिलं तर बाहेरच्या बाजूची तार खाली जिथे वायर जोडलीय त्या छिद्रापासून दोनेक मिलिमीटरवर तुटून लोंबतेय असं वाटतंय. केसापेक्षा बारीक आहे हो ती, श्वास सोडला तरी हलते.

स्क्रू काढताना नेक प्लेटच्या चारपैकी तीन निघाले, चौथा ढिम्म. जोर लावला तर डोकं घासायला लागलं म्हणून थांबलो.

सोल्डरवाला

बाहेरचं टोक तुटलंय म्हणजे नशीबवान आहात. आतलं, सुरुवातीचं टोक तुटलं असतं तर पूर्ण नव्याने गुंडाळावा लागला असता, आणि तिथे साधारण आठ हजार वेढे असतात. बाहेरचा एक वेढा उलगडला की टोक पोचण्याइतकी तार मिळते, एका वेढ्याने आवाजाला काहीही होत नाही.

तार ४२ गेजची, ०.०६३ मिलिमीटर, वर इनॅमलचं कोटिंग. जुनं इनॅमल नुसत्या सोल्डरच्या उष्णतेने जळत नाही, म्हणून ६०० नंबरचा सँडपेपर दुमडून त्यात तारेचं टोक धरायचं आणि अलगद एकदा-दोनदाच ओढायचं. तांबं चमकलं की थांबा. मग छिद्रातलं जुनं सोल्डर वितळवा, तार चिमट्याने आत धरा, सोल्डरिंग आयर्न लांब करा, सोल्डर गोठेपर्यंत हलू नका. लक्षात ठेवा की आयर्नच्या टोकावर लोखंडाचा थर असतो, चुंबक त्याला हळूच खेचतो, म्हणून मनगट टेबलावर टेकवा. माझा पहिला असाच गेला होता, टोक सर्रकन चुंबकाला चिकटलं आणि तीन-चार वेढे जळले.

हिरवट जे आहे ते तांब्याचा गंज. घासू नका. जोडल्यावर पुन्हा मोजा, मग पुढचं.

चौथ्या स्क्रूचं उत्तर तुमच्याच हातात आहे, तुम्हाला सोल्डरिंग जमतं ना? आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन मिनिटं दाबून धरा. स्क्रू तापून फुगतो, थंड होताना आकसतो, गंजाची पकड सुटते. मग आधी जरासा घट्ट करायच्या दिशेने, मग उलटा.

रंधा_आणि_मी

लाकडाकडे कोणी बघतच नाहीये म्हणून मध्ये पडतो.

खाचेची चीर: आधी ठरवा की चीर लाकडाची आहे का नुसत्या रंगाची. नेक काढल्यावर आतून बघा, अंगठ्याने हलकेच बाहेर ढकला. तोंड उघडत नसेल तर ती रंगाची, सोडून द्या, अशा चिरा जवळपास प्रत्येक जुन्या फेंडरला असतात. उघडत असेल तर साधा लाकडाचा डिंक थोडा पाणी घालून पातळ करा, चिरेत बोटाने दाबून आत जिरवा, ओल्या फडक्याने बाहेरचा पुसा, क्लँप लावून एक रात्र. सुपरग्लू नको, खाली मूळ लॅकर (कारखान्यातला चकचकीत थर) असेल तर त्यालाच खाईल.

मधला खड्डा: काहीही करू नका! लोक लगेच लाकडाचा ठोकळा बसवायला धावतात. तो खड्डा पिकगार्डच्या खाली आहे ना? मग नव्या पिकगार्डखाली झाकला जाईल, आवाजाला फरक पडत नाही. मूळ कापलेला पिकगार्ड फेकायचा नाही, पिशवीत घालून ठेवायचा. जुनं सेल्युलॉइड असेल तर केसमध्ये बंद करून मात्र ठेवू नका, त्यातून निघणारी वाफ धातू गंजवते. आणि आगीजवळ नकोच, भडकन पेटतं.

नेक: वाकलीय म्हणजे ट्रस रॉड (नेकच्या आतली, ती सरळ ठेवणारी सळई) आवळायचा असं वाटेल, पण थांबा. आधी गिटार आठवडा-दोन आठवडे कोरड्या खोलीत नुसती पडू दे, ४५ ते ५० टक्के दमटपणा असेल अशा जागी, उन्हात नाही, हीटरसमोर नाही. इतकी वर्षं ओलीजवळ होती, लाकूड आपोआप बरंच सरळ येऊ शकतं. मग टाचेकडच्या रॉडच्या नटला एक थेंब तेल, रात्रभर थांबा, तारा सैल ठेवून पाव फेरा आवळा, तारा चढवून बघा. सहा तारा मिळून पंचेचाळीस किलोच्या आसपास ओढतात, त्यामुळे मोजमाप ट्यून केल्यावरच करायचं. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटर फट राहिली की बास. नट अडला तर जोर नको, रॉड तुटला की मग फिंगरबोर्ड उखडण्यावाचून गत्यंतर नाही.

फ्रेट्सचं हिरवं काढायला स्टील वूल वापरू नका, निदान पिकअप गिटारमध्ये असताना तरी नाहीच. त्याचे बारीक कण चुंबकांना चिकटतात आणि आयुष्यभर निघत नाहीत. मास्किंग टेप लावून बारीक सँडपेपर किंवा धातूची पॉलिश. आणि फिंगरबोर्डच्या रोझवूडला घासू नका! १९६२ मध्ये फेंडरने जाड पट्टीऐवजी वळवलेला पातळ थर लावायला सुरुवात केली, दोन-तीनदा कोणी घासलं असेल तर खाली मेपल यायला वेळ लागत नाही.

आता रंग. मी सातवी_फ्रेटच्या विरुद्ध आहे, मला तो ऑइलपेंट बघवत नाही. पण घाई नको. कंट्रोल प्लेट (व्हॉल्युम-टोनच्या बटणांखालची पट्टी) उचला, तिच्याखाली ब्रश पोचला नसणार.

माळ्यावरचा_खजिना

उचलली. खाली निळा!! म्हणजे फिका, जरा हिरवट झाक असलेला. मामाला फोन केला तर म्हणाला, "अरे ती निळीच होती, तुझ्या मावशीने एका रात्रीत काळी केली." मावशीला विचारायची अजून हिंमत झालेली नाही.

चौथा स्क्रू आयर्नने तापवल्यावर लोण्यासारखा निघाला. नेकच्या टाचेवर शिक्का आहे, १९६७ चा, शेवटी बी. पिकअप जोडला, तिसऱ्या प्रयत्नात. ६.१ किलोओहम. मीटरवर आकडा आला तेव्हा घरातले धावत आले इतका ओरडलो.

काळ्याखालून तो निळा काढता येईल का?

रंधा_आणि_मी

येईल, पण नखानखाने. पेंट रिमूव्हर नको, तो निळाही घेऊन जाईल. हीटगनही नको. लांब ब्लेड घ्या, दोन्ही टोकांना तीन-चार वेढे टेप गुंडाळा म्हणजे मधला तेवढाच भाग लागेल, ब्लेड जवळपास उभं धरून आपल्याकडे ओढा, कापायचं नाही, खरवडायचं. ब्रशने फासलेला ऑइलपेंट गुळगुळीत लॅकरला फार घट्ट धरत नाही, नशीब असेल तर खपल्या उडतील. आधी पिकगार्डच्या कडेला नखाएवढ्या जागेत करून बघा. निळा गुळगुळीत राहिला तर पुढे जा, ब्लेडवर निळी पावडर आली तर थांबा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं सँडपेपर मारायचं नाही, मास्क लावायचा, खपल्या ओल्या कागदात गोळा करायच्या. मळ पुसायला नॅप्था (लायटरचं इंधन) चालेल, लॅकरला धक्का लावत नाही, पण खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास ज्योत नको.

सातवी_फ्रेट

बरं बाबा, काढा. पण मागच्या बाजूला मावशीचा हातभर काळा राहू दे.

माळ्यावरचा_खजिना

कालपासून बसलोय. तीन तासांत पोस्टकार्डाएवढा निळा उघडा झालाय, बारीक भेगांचं जाळं आहे त्यावर, पण रंग शाबूत. मागची बाजू सोडतोय. मावशी रविवारी येतेय, तिला काही सांगितलेलं नाही. ट्रेमोलोचा दांडा कोणाकडे जादा असेल तर कळवा.