अनुभव धागा: करोनाकाळात किराणा दुकानातली नोकरी आणि शहरांनी लावलेला जोखीम भत्ता

कृष्णाकाठ (धागा काढणारी)

२०२१च्या जानेवारीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काही शहरांनी मोठ्या किराणा साखळ्यांना कायदा करूनच सांगितलं, की दुकानात उभं राहून काम करणाऱ्या माणसाला साथीच्या काळात तासामागे जास्तीचे पैसे द्या. १९ जानेवारीला लाँग बीचने ४ डॉलर ठरवले, १२० दिवसांसाठी. आठवड्याभरात सिएटलनेही ४ डॉलर मंजूर केले आणि ३ फेब्रुवारीपासून ते लागू झाले. पाठोपाठ ओकलंड आणि लॉस एंजेलिस ५ डॉलरवर गेली, सॅन होजेने ३ ठरवले.

त्याआधीच्या वर्षात काय झालं होतं ते विसरायला नको. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये कंपन्यांनी आपणहून पैसे वाढवले होते. क्रोगर या मोठ्या किराणा साखळीने तासाला २ डॉलरचा 'हिरो बोनस' दिला आणि मेच्या मध्यावर तो बंद केला. साथ काही मेमध्ये संपली नव्हती. पुढच्या हिवाळ्यात लॉस एंजेलिसच्या दवाखान्यांत अतिदक्षता विभागात खाटा मिळेनाशा झाल्या, तेव्हाही काउंटरवरची माणसं रोज कामावर जात होती, तीही त्या वाढीशिवाय. कंपनीच्या मर्जीने मिळालेलं कंपनीच्या मर्जीनेच जातं. म्हणून शहराने मध्ये पडणं मला योग्य वाटतं, आणि ते फार उशिरा झालं असंही वाटतं. लाँग बीचचे तेव्हाचे महापौर रॉबर्ट गार्सिया यांची आई वैद्यकीय मदतनीस होती. ती आणि त्यांचे सावत्र वडील दोघेही २०२०च्या उन्हाळ्यात करोनाने गेले. ठराव करणाऱ्यांना ही जोखीम नुसती कागदावरची नव्हती.

त्यानंतर काय झालं तेही सांगते. १ फेब्रुवारीला क्रोगरने लाँग बीचमधली आपली दोन दुकानं एप्रिलमध्ये बंद करण्याचं जाहीर केलं. मग सिएटलमधली दोन, मग लॉस एंजेलिसमधली तीन. ही दुकानं आधीच नीट चालत नव्हती आणि वाढीव पगाराने भार पडला, असं कंपनीचं म्हणणं होतं. कॅलिफोर्नियातल्या किराणा दुकानांची संघटना कोर्टात गेली. लाँग बीचच्या नियमाला तात्पुरती स्थगिती द्यायला फेडरल न्यायाधीशांनी नकार दिला.

त्या काळात तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरातल्या कुणी दुकानात काम केलं असेल, स्वतःचं दुकान असेल, किंवा नुसते त्या शहरांत राहत असाल, तरी लिहा. आपली बरीचशी चर्चा वर्क फ्रॉम होमवर होते. ज्यांना घरून काम करता येत नव्हतं त्यांचं ऐकायचं आहे. आपण जिथे काम केलं त्या दुकानाचं नाव मात्र घेऊ नका.

शेवंती

लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहिते. मी मूळची सांगलीकडची. सॅन होजेत एका मोठ्या साखळी दुकानात कॅशियर होते. ग्रीन कार्ड आल्यावर पन्नाशीत मिळालेली ही इथली पहिली नोकरी, त्यामुळे माझा तिच्यावर जीव होता.

मार्च २०२०चे ते दिवस अंगावर आल्यासारखे होते. दार उघडायच्या आधी बाहेर रांग. यीस्ट नाही, मैदा नाही, टॉयलेट पेपर तर नाहीच. आमच्या कॅश रजिस्टरपुढे प्लास्टिकचे पडदे लागायला काही आठवडे गेले. तोवर माणूस दोन हातांवर उभा राहून बोलायचा, आणि आम्हाला मास्क घालायची परवानगीसुद्धा सुरुवातीला नव्हती. गिऱ्हाईक घाबरतं म्हणे. नंतर मास्क सक्तीचा झाला, तेव्हा तो न घालणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचं काम आमच्याच गळ्यात पडलं. एकाने माझ्या तोंडावर पैसे फेकले होते. मी ते गोळा केले, सुटे परत दिले.

यांना मधुमेह. घरी आले की गॅरेजमध्येच कपडे बदलायचे, आंघोळ केल्याशिवाय कुणाजवळ जायचं नाही. रात्री मी वेगळ्या खोलीत झोपायची. मुलगा म्हणायचा, आई, सोड नोकरी, तुझ्या पगारावर घर चालत नाही. त्याचं खरं होतं. पण माझ्या शेजारच्या रजिस्टरवर जी बाई होती तिचं घर तिच्याच पगारावर चालत होतं. आम्ही दोघी एकाच वेळी ब्रेक घ्यायचो, पार्किंगमध्ये दोन गाड्यांत काचा खाली करून बसायचो. ती राहते आणि मी सोडते, हे मला जमेना.

वसंतात कंपनीने थोडे पैसे वाढवले होते ते उन्हाळ्याआधीच काढून घेतले. त्याबद्दल ब्रेकरूममध्ये एक कागद लावला होता, त्यावर आमचे आभार मानलेले होते.

शहराच्या कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, सभा झूमवर झाली तेव्हा आम्ही बरेच जण हजर होतो. ज्याला बोलायचं त्याने हात वर करायचा, नाव पुकारेपर्यंत थांबायचं. उशिरापर्यंत चालली. माझं इंग्रजी कामापुरतं. मी कागदावर लिहून ठेवलं होतं, तेच वाचलं: काय काम करते, घरी कोण आजारी आहे, आणि आमच्यातले कितीतरी जण आजारी पडून आले. एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसांसमोर बोलले, तेही परक्या देशात. नंतर शेजारच्या रजिस्टरवालीने फोन केला आणि आम्ही दोघी रडलो.

३ डॉलर मंजूर झाले. हातात पडले तोवर माझा लशीचा पहिला डोस झाला होता, हे कृष्णाकाठ म्हणतात तसं उशिराचंच. मला आठवड्याला चोवीस तास मिळायचे, म्हणजे बहात्तर डॉलर, कर कापून आणखी कमी. पण पगाराच्या स्लिपवर ती रक्कम वेगळ्या ओळीत यायची. शहराने दिलेली म्हणून वेगळी.

पावसाळी

शेवंतीताई, दोनदा वाचलं.

आम्ही सिएटलला. आमचा मुलगा तेव्हा कॉलेजमधून घरी आलेला, वर्ग ऑनलाइन. त्याने रात्रपाळीला माल लावायची नोकरी धरली. आम्ही दोघं आयटीत, घरून काम करणारे, आणि घरातला एकटा तो रात्री दहाला बाहेर पडणार. बाप म्हणून मला ते सहन होत नव्हतं, पण त्याला अडवायचा हक्कही वाटत नव्हता. आमच्या घरात येणारं दूध, भाजी कुणीतरी लावतच होतं ना.

इथला नियम लाँग बीचपेक्षा वेगळा होता. ५०० पेक्षा जास्त नोकर असलेल्या कंपन्या आणि दहा हजार चौरस फुटांहून मोठी दुकानं एवढ्यांनाच लागू. दिवसांचा आकडा नव्हता, शहराने जाहीर केलेली आणीबाणी संपेपर्यंत चालू राहायचा. त्यामुळे तो २०२२ मध्येही चालू होता. वॉशिंग्टन राज्यात दुकानातल्या कामगारांना लस १७ मार्च २०२१ पासून खुली झाली. म्हणजे ३ फेब्रुवारीपासूनचे पहिले सहा आठवडे हा भत्ता अगदी नेमक्या काळात मिळाला, लस नसताना. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सिएटलने त्याआधी, जून २०२० मध्येच, ॲपवरून घरपोच जेवण आणणाऱ्यांसाठी ऑर्डरमागे अडीच डॉलर जादा द्यायला लावले होते. दुकानातल्या लोकांची पाळी सात महिन्यांनी आली.

तीळगूळ

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी लाँग बीचला राहतो. बंद झालेल्या दुकानांपैकी एकात आमच्या बिल्डिंगमधल्या एक आजी चालत जायच्या. गाडी नाही, मुलं दुसऱ्या राज्यात. त्यांच्यासाठी १२० दिवसांचा भत्ता म्हणजे कायमचं गेलेलं दुकान. किराण्यात नफ्याचं प्रमाण शेकडा एक-दोन-तीन टक्के असतं, हे कुणीही धंदेवाला सांगेल. कौन्सिलने हे धरून चालायला हवं होतं आणि शहराच्या तिजोरीतून थोडा भार उचलायला हवा होता. कामगारांना पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही.

कृष्णाकाठ

तीळगूळ, आजींचं नुकसान खरंच आहे आणि ते लिहिलंत हे बरं झालं. टक्केवारीबद्दल मात्र एवढंच म्हणेन, की २०२० हे नेहमीसारखं वर्ष नव्हतं. हॉटेलं बंद, सगळं जग घरी जेवत होतं. क्रोगरचा निव्वळ नफा २०१९ मध्ये सुमारे १६६ कोटी डॉलर होता, तो २०२० मध्ये २५० कोटींच्या वर गेला. एवढ्या कंपनीला चार महिने ४ डॉलर परवडत नव्हते हे मला पटत नाही. शहराच्या तिजोरीतून द्यायचे म्हणजे नफा त्यांचा आणि भत्ता आपल्या करातून.

रानजाई

हद्दीचा मुद्दा कुणी लिहिला नाही अजून. लाँग बीचच्या पोटात, चारी बाजूंनी वेढलेलं, सिग्नल हिल नावाचं वेगळं शहर आहे. लाँग बीचचा ठराव तिथे चालत नव्हता. लॉस एंजेलिस काउंटीचंही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) तसंच: काउंटीने केलेला नियम फक्त कुठल्याच शहरात न मोडणाऱ्या भागांना लागू होता. तेच काम, तोच खोकणारा गिऱ्हाईक, रस्ता ओलांडला की पैसे वेगळे. हे राज्याने करायला हवं होतं.

वऱ्हाडी ठेचा

माझं बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, छोटं इंडियन ग्रोसरी स्टोअर आहे. आम्ही मोजून सहा माणसं, त्यात मी आणि बायको. आमच्याकडचा नियम ३०० पेक्षा जास्त नोकर असलेल्यांना, त्यामुळे आम्हाला लागू नव्हता.

मार्च २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या लोकांनी तूरडाळ आणि कणकेच्या गोण्या अशा उचलल्या की दुपारपर्यंत रॅक रिकामे. एका घराला एकच गोणी असा कागद लावावा लागला, त्यावरून ओळखीचे लोक बोलायचे बंद झाले. घाऊक माल देणाऱ्याने भाव वाढवले, आम्ही वाढवले की लोक आम्हालाच बोलायचे.

नंतर ३ आणि ५ डॉलरच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्याकडच्या पोराने विचारलं, अंकल, आपल्याला? तो रोज बसने यायचा. कायद्याने मी बांधलेला नव्हतो, पण त्याच्या अन् मोठ्या दुकानातल्या पोराच्या फुप्फुसात काय फरक आहे? मी आणि बायकोने हिशोब मांडला. तासाला दीड डॉलर जमले, उन्हाळ्यापर्यंत. त्याहून जास्त दिले असते तर भाडं थकलं असतं. लहान दुकानांना नियमातून वगळलं ते बरोबरच होतं, नाहीतर आमच्यासारखे बंदच पडले असते. पण लहान दुकानातल्या नोकराला जोखीम कमी नव्हती. त्याच्यासाठी शहराने काहीतरी करायचं होतं, तिथे मी तीळगूळ यांच्या बाजूने आहे. मोठ्यांनी आपल्या नफ्यातून द्यावं, लहानांना तिजोरीने हात द्यावा.

मोगरा_एलए

लॉस एंजेलिस. मीट काउंटर. ५ डॉलर लागू झाले आणि मला वेळापत्रकात मिळणारे तास अठ्ठावीसवरून बावीसवर आले. बेरीज करून बघा: मूळ पगारात जे गेलं ते भत्त्याने जेमतेम भरून निघालं. भत्ता द्यावा लागतो म्हणून दुसरीकडून मोबदला कापायचा नाही, अशी अट नियमात होती. पण तास कमी केले ते याच कारणाने, हे सिद्ध कसं करणार? मॅनेजर म्हणणार, विक्री कमी आहे. युनियनच्या प्रतिनिधीने लेखी विचारणा केली, त्यानंतर माझे आणि आणखी दोघींचे तास हळूहळू परत आले. जिथे युनियन नव्हती तिथल्या मैत्रिणींचे आले नाहीत. पुन्हा कधी असा कायदा करायचा झाला तर आठवड्याच्या किमान तासांची हमी त्यात घाला. हे मी कौन्सिलच्या आमच्या वॉर्डच्या कार्यालयात जाऊनही सांगितलं आहे.

दादरकर

अमेरिकेतलं नाही, चालेल ना? आमचं वडिलोपार्जित वाण्याचं दुकान, दादरला. टाळेबंदीत किराणा अत्यावश्यक म्हणून दुकान उघडं. जून २०२० मध्ये लोकल सुरू झाल्या त्या सरकारी अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी; आमच्या नालासोपाऱ्याच्या दोघांना त्यात चढता येईना. ते महिनोन्‌महिने दुकानाच्या पोटमाळ्यावर राहिले. बाबांनी त्यांचं जेवण घरून दिलं, पगार वाढवला. मुंबई महापालिकेने कामावर येणाऱ्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना दिवसाला ३०० रुपये भत्ता दिला होता, तो योग्यच होता. खासगी दुकानातल्या नोकरासाठी मात्र आम्हाला कुठूनही काही हुकूम आला नाही, आणि तसं कुणी मागायचं असतं हे आमच्या गल्लीत कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शेवंतीताई झूमवर बोलल्या ते वाचून मी आमच्या त्या दोघांना फोन केला. एक जण परत गावी गेलाय, औरैयाला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, तिकडे दुकानदाराने दिले नाहीत तर काय करतात?

पावसाळी

दादरकर, सिएटलपुरतं सांगतो. शहराचं ऑफिस ऑफ लेबर स्टँडर्ड्स आहे, तिथे तक्रार करता येते. ते चौकशी करून थकलेले पैसे वसूल करून देऊ शकतात. तक्रार केली म्हणून नोकरावर डूख धरणं हा वेगळा गुन्हा धरतात. माझ्या मुलाला त्याची गरज पडली नाही, पण दुकानात या हक्कांचा कागद लावलेला होता आणि तो नोकरांना समजणाऱ्या भाषांमध्ये लावावा लागायचा.

कृष्णाकाठ

मोगरा, तासांच्या हमीचा मुद्दा मी वर धाग्यात जोडते आहे.

आणखी एक विचारायचं होतं. कॅलिफोर्नियातल्या कोचेला शहराने फेब्रुवारी २०२१ मध्ये ४ डॉलरचा नियम केला तेव्हा त्यात किराणा दुकानांबरोबर शेतमजूर, औषधांची दुकानं आणि रेस्टॉरंटमधले कामगारही घेतले होते. खजुराच्या आणि द्राक्षांच्या बागांचा भाग आहे तो. तिकडे राहणारं किंवा शेतीच्या कामाशी संबंध असलेलं कुणी वाचत असेल तर जरूर लिहा: मोठ्या कंपन्यांच्या बागांत पैसे खरंच पोचले का, आणि कंत्राटदारामार्फत येणाऱ्या माणसांचं काय झालं?