उलटी झालेली खोली नेमकी कशी साफ करायची?

महाबळेश्वरला लॉजवर सहा वर्षं खोल्यांची साफसफाई बघतोय. परवा नव्या पोरानं बेसिन पुसलेल्या फडक्यानंच पाण्याचे ग्लास पुसले. ओरडलो तर म्हणतो, "दादा, चकाचक दिसतंय की!" गिऱ्हाईक उलट्या करून गेलं, तर काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. जीव धास्तावतो.

उत्तर १: दादा, मी सांगलीत नर्स आहे. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. मास्क-हातमोजे घालून कागदानं टिपा, मग ब्लीचचं पाणी लावून दहा मिनिटं ठेवा. हात साबणानंच धुवा, २० सेकंद. ब्लीचमध्ये ॲसिड कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो.

उत्तर २: आमच्याकडे वाईत लाल फडकं फक्त संडासाला, निळं काचेला. वाचता न येणाऱ्या मावशीही चुकत नाहीत.

उत्तर ३: पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचे नळ आधी खिडकी उघडून वाहू द्या. साचलेल्या कोमट पाण्यात, २० ते ४५ अंशांत, लिजिओनेला जंतू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. गिझर ६० वर ठेवा.

दादा: फडकी उद्याच आणतो. ताई, ब्लीच-ॲसिड आम्ही एकत्रच ओतायचो हो. पोरांचे डोळे झोंबायचे, खोकत बाहेर यायची.