मदत हवी आहे: कोलोसियमचं २ युरोचं तिकीट मला चालेल का?

निळीशाई: शनिवारी रोमला आहे. कोलोसियमच्या साइटवर एक तिकीट १८ युरोचं, एक २ युरोचं दिसतंय. वय २३, स्टुडंट आयडी आहे. २ वालं काढू का? स्लॉट भराभर जाताहेत, लवकर सांगा प्लीज.

खडूस_काका: शिकता कुठे? पासपोर्ट कुठला? घाई तेवढी कळली.

निळीशाई: भारतीयच ना काका! जर्मनीत मास्टर्स करतेय.

मुळामुठा: मग नाही चालणार. ते १८ ते २५ वयाच्या युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी आहे. नुसत्या स्टुडंट आयडीवर नाही मिळत. तिकिटावर नाव असतं, दारात ओळखपत्र बघतात.

भटक्या७७: कोलोसियम सोडा, ऑस्टिया अँटिकाला जा. पिरामिदे मेट्रोला लागून असलेल्या पोर्ता सान पाओलोहून गाडी, शहराचं साधं तिकीट चालतं. रोमचं जुनं बंदर. व्यापाऱ्यांच्या चौकात मोझेइकमध्ये जहाजं आहेत, हत्तीसुद्धा!

लाव्हारस: ऑस्टियावर ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईची तहान भागते होय?

भटक्या७७: पॉम्पेई नेपल्सच्याही पुढे. तिच्याकडे वेळ किती, ते तरी विचारा आधी.

खडूस_काका: महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम सगळ्यांनाच फुकट असतं.

मुळामुठा: म्हणूनच त्या दिवशी अख्खं रोम रांगेत असतं. आणि ती शनिवारी म्हणतेय, काका.

सुगरण_पुणे: बाटली रिकामी ने गं, रस्त्यावरच्या नळांचं पाणी पिण्याचंच असतं. कोलोसियमशेजारच्या रोमन फोरममध्ये, त्या जुन्या चौकाच्या अवशेषांत, चपला घालू नकोस, दगड गुळगुळीत झालेत.

रंकाळा: अवांतर: आमच्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननातली. युरो लागत नाहीत!

मुळामुठा: धागा परत आणू या. निळीशाई, मास्टर्स कशात?

निळीशाई: आर्किटेक्चर. त्याने काय होतंय?

मुळामुठा: अगं, त्यानेच तर होतंय! आर्किटेक्चर, वारसा-संवर्धन शिकणाऱ्यांना इटलीच्या सरकारी स्थळांवर प्रवेश मोफत. विद्यापीठ युरोपियन युनियनमधलं हवं, पासपोर्ट कुठलाही असो. चालू वर्षाचं नावनोंदणीचं पत्र मात्र दाखवावं लागतं.

निळीशाई: पत्र जर्मनमध्ये आहे!!

मुळामुठा: पोर्टलवर इंग्रजी मिळतंय का बघ, दोन्हींची प्रिंट घे. आणि मोफत असलं तरी स्लॉट बुक करावाच लागतो, तो आत्ताच कर.

भटक्या७७: तेच पत्र ऑस्टियालाही चालतं बरं का. रविवारी जा, सोमवारी बंद असतं.