मदत हवी आहे: सीआयटीएस घरून करता येतं का?

तारतंत्री
आयटीआयमध्ये शिकवतो. प्राचार्य म्हणाले, सीआयटीएस (आयटीआयच्या शिक्षकांचा, म्हणजे निदेशकांचा एक वर्षाचा प्रशिक्षण कोर्स) नसेल तर पुढच्या वर्षी नेमणुकीची ऑर्डर निघणार नाही. वर्षभर नोकरी सोडून जाणं शक्य नाही. घरून होतं का? लवकर सांगा.

कानस
ट्रेड कोणता? शिक्षण काय? किती वर्षं शिकवताय? काहीच लिहिलं नाहीत.

अभ्यासू
स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर एनआयटीटीटी या शिक्षक-प्रशिक्षणाची ८ मॉड्यूल्स आहेत, ती करा. मूल्यमापनाचं मॉड्यूल मला फार उपयोगी पडलं.

कानस
मॅडम, ते एआयसीटीईचं (तंत्रशिक्षण परिषदेचं), पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या शिक्षकांसाठी. आयटीआय डीजीटीच्या (केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या) अखत्यारीत येतं. तिथे ते चालणार नाही.

तारतंत्री
इलेक्ट्रिशियन. डिप्लोमा झालाय. डिप्लोमावाल्यांनाही लागतं का?

जुना_निदेशक
लागतं. भारत स्किल्स पोर्टलवर ट्रेडच्या अभ्यासक्रमातच निदेशकाची पात्रता दिली आहे. डिग्रीला १, डिप्लोमाला २ आणि आयटीआयला ३ वर्षांचा अनुभव, शिवाय एनसीआयसी, म्हणजे निदेशकाचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र सीआयटीएस पास झाल्यावर मिळतं.

माझं ऐकाल तर पूर्ण वर्षाचाच कोर्स करा. मी मुंबईत चुनाभट्टीच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत केला. वेस्टर्न युनियन जॉइंट (दोन तारा एकमेकींवर पिळून जोडणं) मला डोळे मिटून करता यायचा, पण शिकवताना मुलांना समोर उभं करायचो. त्यांना माझे हात उलटे दिसायचे आणि पीळही उलटा बसायचा. डेमोच्या वेळी मुलांना आपल्या शेजारी उभं करायचं, आधी सावकाश एकदा न बोलता करून दाखवायचं, मग बोलत. हे तिथे सरांनी माझा पाठ मध्येच थांबवून शिकवलं. नुसती परीक्षा देऊन हे कसं कळणार?

सोल्डर
सर, मान्य. पण तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याने वर्षभर घर कसं चालवायचं? नोकरीत असलेल्या निदेशकांसाठी आरपीएलचा (आधीच्या कौशल्याला मान्यता देण्याचा) मार्ग आहे, त्यात आधीचा अनुभव धरून परीक्षा घेतात. तारतंत्री, तुम्ही तेच बघा. डीजीटीची सूचना निघाली की अटी नीट वाचा.

जुना_निदेशक
आरपीएलने कागद मिळेल. मुलं जिवंत तारांवर काम करणार आहेत, म्हणून माझा आग्रह.

सोल्डर
आठ-दहा वर्षं वर्कशॉप सांभाळणाऱ्याला काहीच येत नाही असं समजू नका, सर.

फिरकी
फिटरच्या सीआयटीएसला ड्रॉइंग अवघड जातं का? मुलाला घालायचंय.

कानस
त्यासाठी वेगळा धागा काढा. तारतंत्री, अनुभव किती ते अजून सांगितलं नाहीत.

तारतंत्री
इथे दुसरं वर्ष. त्याआधी एका खासगी आयटीआयमध्ये होतो, ते अनुभवाचा दाखला देत नाहीत.

कानस
खरी अडचण ही आहे! दाखला लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. जुना नियुक्ती आदेश, हजेरीपटाच्या प्रती आणि पगार जमा झालेल्या पासबुकाची पानं आजच एकत्र करा. नियुक्ती आदेश आहे ना तुमच्याकडे?