घडीच्या दारांचं जुनं कपाट घेताना काय पाहिलंत? खान्देशकरांनो, अनुभव सांगा

जळगावहून (धागा काढणारा)

मागच्या वैशाखात आमच्या जुन्या पेठेतला एक वाडा पाडत होते. धाब्याची माती टोपल्यांनी खाली येत होती. तुळया, खांब, चौकटी सगळं रस्त्याच्या कडेला रचलेलं. त्या ढिगाशेजारी एक सागवानी कपाट उभं होतं, साडेपाच फूट उंच. समोर चार पल्ल्यांचं दार, दोन पल्ले डावीकडे दुमडतात, दोन उजवीकडे. वरच्या पट्टीवर वेलबुट्टी कोरलेली. मी त्या कोरीवकामावरच भाळलो आणि खरं सांगायचं तर तिथेच चूक करणार होतो.

सोबत आमच्या ओळखीचे सुतारकाका होते. त्यांनी कोरीवकामाकडे पाहिलंसुद्धा नाही. उजवीकडची जोडी हळूच उघडली, अर्ध्यावर सोडून दिली आणि खाली बसून आतल्या पल्ल्याच्या तळाशी बोट धरलं. पल्ला सुतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खाली बसला होता. म्हणाले, "दोन पल्ल्यांचा भार बाहेरच्या बिजागऱ्या घेतात. आतला पल्ला हवेतच असतो, फक्त शेजारच्याला धरून. म्हणून घडीचं दार आधी इथून बोलतं."

घरी आणल्यावर त्यांनी बिजागऱ्यांच्या सळया काढल्या. पितळेच्याच होत्या, पण मधोमध झिजून वेळूच्या पेरासारख्या बारीक झालेल्या. नव्या सळया घातल्या आणि बिजागरीच्या कड्यांमध्ये पितळेचे पातळ वायसर टाकले. दार सुतभर वर उचललं गेलं, चौकटीला घासणं थांबलं. रंधा लावावाच लागला नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे, कारण त्याआधी भेटलेला दुसरा कारागीर दाराची खालची कड तासून टाकायला निघाला होता.

आपल्या भागात वाडे झपाट्याने पडताहेत. सामान भंगाराच्या भावात जातंय. तुम्ही असं काही घेतलं असेल, वाडवडिलांचं जपलं असेल, तर काय पाहिलंत, काय चुकलं, ते मोकळेपणाने लिहा. घडीच्या दाराचं फडताळ, कपाट, पेटी, काहीही चालेल.

भुसावळहून

आमची दोन खोल्यांची जागा, म्हणून मी घडीचं दारच शोधत होते. हिशोब साधा आहे. चार फुटांच्या कपाटाला दोन पल्ले असतील तर प्रत्येक दार दोन फूट पुढे येतं, पलंग सरकवल्याशिवाय उघडतच नाही. तेच चार पल्ले असतील तर फूटभर जागेत काम होतं. पण दुमडलेले पल्ले एकमेकांवर येऊन कडेला जाडी घेतात, आणि आतली वस्तू काढताना ती जाडी आडवी येते. माझ्या कपाटात दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच गेले. ट्रंक आत जाईना. घ्यायला जाताना आतली मोकळी रुंदी मोजा, आणि तीही दार पूर्ण दुमडून, नुसतं उघडून नाही.

वय ओळखायची एक खूण मला घरातल्या जुन्या माणसांनी सांगितली. बिजागरीचे स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. त्यामुळे कपाट शंभर वर्षांचं सांगितलं आणि स्क्रू फुलीचे असले, तर बिजागऱ्या नंतर बदलल्या आहेत एवढं नक्की. तेवढ्याने कपाट खोटं ठरत नाही. जुन्या बिजागरीची रिकामी खाच किंवा बुजवलेली भोकं चौकटीवर दिसली की उलट विश्वास वाढतो, कारण दुरुस्ती झाली म्हणजे ते वापरात होतं. पाठीमागच्या फळीवर हात फिरवा. हाताने कापलेल्या फळीवर आरीच्या रेघा तिरप्या, कमीजास्त अंतराच्या असतात. यंत्राच्या गोल पात्याच्या रेघा कमानीसारख्या वळतात. ही खूण नकलीत सहसा कोणी करत बसत नाही, कारण पाठीकडे कोण बघतंय?

शिरपूरहून

माझा अनुभव जरा कडू आहे, पण लिहितो.

मुंबईत नोकरीला असताना समुद्राजवळच्या एका घरातून दोन जोड्यांचं शिसवी कपाट घेतलं. निवृत्त होऊन जानेवारीत गावी आलो तेव्हा तेही सोबत आलं. मुंबईत दार अगदी पाण्यासारखं चालायचं. एप्रिल संपता संपता इथे पारा ४३-४४ वर गेला, हवेत ओल उरली नाही, आणि एका दुपारी घरातच 'टक्' असा आवाज झाला. बंदुकीचा बार वाटावा इतका. पाहिलं तर एका पल्ल्याच्या मधल्या पॅनलला, म्हणजे चौकटीतल्या फळीला, वरपासून खालपर्यंत चीर.

कारण नंतर कळलं. पॅनल चौकटीच्या खाचेत मोकळा बसवलेला असतो. लाकूड आडव्या बाजूने आकसतं आणि फुगतं, लांबीने जवळजवळ नाही. म्हणून जुन्या कारागिरांनी त्याला हलायला जागा ठेवलेली असते, गोंद लावत नाहीत. माझ्या कपाटाला आधीच्या मालकाने पॉलिश करवून घेताना खाचा गोंदाने आणि पुट्टीने भरून टाकल्या होत्या, दार खडखडतं म्हणून. मुंबईच्या ओलाव्यात ते कळलं नाही. आपल्या कोरड्या उन्हाने वसूल केलं. मोकळा पॅनल आकसला असता तर कडेला फक्त बारीक फिकी रेघ दिसली असती.

आमच्या गल्लीतले म्हातारे मिस्त्री बघायला आले. चिरेवर बोट फिरवत म्हणाले, "लाकूड जित्तं शे भाऊ. ते बी सास लेस. त्याले बांधी ठेवशी ते फाटी." मी चीर लगेच बुजवायला सांगत होतो, त्यांनी ऐकलं नाही. पावसाळ्यात दार अडकू लागलं तेव्हा मी रंधा मागवला, तर म्हणाले, "पाऊसमा रंधा मारू नको. दिवाईपावत थांब." थांबलो. दिवाळीला दार आपोआप सुटं झालं. जुलैमध्ये तासलं असतं तर पुढच्या मे महिन्यात दोन पल्ल्यांच्या मधून बोट गेलं असतं. मग त्यांनी कोमट पाण्याच्या फडक्याने जुन्या सांध्यातला सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद) सैल करून चौकट उकलली, खाचा साफ केल्या आणि पॅनल मोकळा बसवला. सरस गरम ओलाव्याने सुटतो, पुन्हा लावता येतो. आजचा पांढरा गोंद असता तर सांधा इतका सहज सुटला नसता. जुन्या वस्तूच्या दुरुस्तीत सरसच मागा, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

चोपड्याहून

आजीच्या फडताळाला बिजागरीच नाही. पल्ल्याच्या वरच्या-खालच्या टोकाला लाकडातच कोरलेल्या खुंट्या, आणि चौकटीत त्यांना भोकं. मधली घडी मात्र लोखंडी कडीची. खालची भोकं अंडाकृती झाली होती. मिस्त्रीने ती मोठी करून त्यात सागाच्याच जाड बुचाचा जोड घातला आणि नवीन भोक पाडलं. खुंटीवर थोडं मेण. वर्ष झालं, करकर नाही.

धुळ्याहून

गल्लीतल्या एका घराचा सामान-विक्रीचा बोर्ड पाहून गेले आणि बसक्या पेटीसारखं कपाट घेऊन आले, वर झाकण आणि समोर दोन घड्यांचं दार. आतल्या फळीला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं होती. विकणारे म्हणाले, जुनी आहेत, काळजी करू नका. माझं मन मानेना.

आईने युक्ती सांगितली. फळीवर हाताने थाप मारून भोकांतली पूड झटकली, खाली काळा कागद अंथरला आणि आठ दिवस हात लावला नाही. आठव्या दिवशी कागदावर मैद्यासारखी पांढरी बारीक पूड होती, भोकांच्या बरोबर खाली. म्हणजे अळी जिवंत होती. भोक जुनं असतं तेव्हा कड मळकट, आतून काळपट असते आणि कागद कोरडा राहतो. वाळवीचं वेगळं असतं, ती मातीचे बोगदे करते आणि फळी आतून पोकळ होते. ठोकलं की आवाज रिकाम्या डब्यासारखा येतो.

ते कपाट मी तीन महिने घरात घेतलंच नाही, गच्चीवरच्या खोलीत एकटं ठेवलं. बोरॅक्स पाण्यात विरघळवून न पॉलिश झालेल्या आतल्या बाजूंना ब्रशने दोनदा लावला आणि वाळू दिलं. कागद दर आठवड्याला बदलत राहिले. आठव्या कागदावर काहीच नव्हतं. त्यानंतरच धान्याच्या खोलीत आणलं. बाकी सगळं लाकूड वाचवायचं असेल तर नवीन आलेली वस्तू एकटी ठेवा, हे माझं कळकळीचं सांगणं.

जळगावहून (धागा काढणारा)

ताई, काळ्या कागदाची युक्ती आजच करून बघतो. माझ्या कपाटाच्या मागच्या फळीवर दोन-तीन भोकं आहेत आणि मी ती खिळ्यांचीच समजत होतो.

नंदुरबारहून

सातपुड्याच्या पायथ्याला राहिल्यामुळे सागाचं वेड घरातच आहे. माझ्या मामेभावाला अमेरिकेतल्या घरात आजोबांचं घडीच्या दाराचं दप्तराचं कपाट न्यायचं होतं. इथे एक गोष्ट आधी कळली ती बरी झाली. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, तो आधी घ्यावा लागतो. आमच्या कपाटाच्या आत खणाच्या तळाशी पेन्सिलीने शेताचा हिशोब आणि साल लिहिलेलं सापडलं, शंभरीच्या आतलं. तरीही दाखल्याशिवाय पाऊल उचललं नाही. तोपर्यंत कपाट आमच्याकडेच आहे, आणि भावाने आता ते इथेच राहू द्यायचं ठरवलंय.

अमळनेरहून

माझं थोडं. जुन्या कपाटावर तेलरंगाचे थर असतील तर कोरडा सँडपेपर मारू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि ती पूड लहान मुलांच्या पोटात जाणं फार वाईट. आम्ही ओल्या कागदाने, तोंडाला मास्क बांधून, अंगणात घासलं आणि पूड माती-पाल्यात न टाकता वेगळी बांधली. नातीला त्या दिवशी मावशीकडे पाठवलं होतं.

खालचा थर हिरवा निघाला, त्याखाली पांढरा, त्याखाली नुसतं लाकूड. बिजागऱ्यांखाली रंग पोचलेला नव्हता. तिथे सागाचा मूळचा तपकिरी रंग तसाच, आणि नाक जवळ नेलं तर अजूनही सागाचा तेलकट वास येतो. पॉलिशसाठी चपडा (लाखेच्या पापड्या) आणि स्पिरिट घेतलंय, पण हवेत ओल असताना चपड्यावर पांढरट ढग येतो, म्हणून पाऊस ओसरेपर्यंत डबा बंदच ठेवलाय. दारं मात्र आताच बसवली. काल संध्याकाळी माझ्या वडिलांनी चारही पल्ले दुमडले, पुन्हा उलगडले, आणि म्हणाले, "आमची आई इथे लोणच्याची बरणी ठेवायची." बरणी अजून माळ्यावर आहे. ती उद्या खाली काढणार आहे.