मारमोरिलिक: चुरा फ्योर्डच्या तळाशी टाकला, तरी शिसे बाहेर कसे आले?

खडकफोड्या: पश्चिम ग्रीनलंडमधल्या मारमोरिलिकची ‘ब्लॅक एंजल’ ही शिसे-जस्ताची खाण १९७३ ते १९९० चालली. धातू काढून घेतल्यावर दळून उरलेला दगडाचा चुरा अफार्लिकासा फ्योर्डच्या (डोंगरात शिरलेल्या अरुंद, खोल खाडीच्या) तळाशी सोडत. गॅलेना (शिशाचं खनिज), स्फॅलेराइट (जस्ताचं) समुद्राच्या पाण्यात विरघळत नाहीत, त्यात फ्योर्डच्या तोंडाशी उंबरठा, म्हणजे तळाचं पाणी अडवणारा पाण्याखालचा उंचवटा. मग गडबड कुठे झाली?

गॅलेना७१: ‘विरघळत नाही’ हे शुद्ध, न गंजलेल्या खनिजापुरतं खरं. चुऱ्यातलं थोडं शिसे आधीच ऑक्सिडाइज झालेलं होतं आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याला विरघळलेलं ठेवतं. हिशेब करा: धातुकात सरासरी ४ टक्के शिसे, १२ टक्के जस्त. १०० किलो दगडात गॅलेना साडेचार किलो, स्फॅलेराइट १८. उरलेला पाऊणशे किलोहून जास्त संगमरवर नि पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) पिठासारखा होऊन पाण्यात जातो. फ्लोटेशनमध्ये (दळलेल्या दगडातून खनिज फेसावर तरंगवून वेगळं करण्यात) सगळं खनिज काही फेसावर येत नाही, राहिलेलं त्याच पिठात.

दर्यावर्दी: उंबरठ्याचा भरवसा उन्हाळ्यापुरता. तेव्हा वितळलेलं गोडं पाणी वर झाकणासारखं पसरतं. हिवाळ्यात बर्फ धरताना मीठ खाली सुटतं, वरचं पाणी जड होऊन बुडतं आणि तळ ढवळून निघतो. ते पाणी मग उंबरठ्यावरून शेजारच्या कामारुयुक फ्योर्डमध्ये.

गॅलेना७१: शिवाय नुसत्या चुऱ्यालाच दोष देऊ नका. खाणीचं तोंड कड्यात सहाशे मीटर उंचावर. धातुक रोपवेने फ्योर्डपलीकडच्या गिरणीत जायचं, पण टाकाऊ दगड कड्यावरूनच खाली लोटत. त्यातही शिसे-जस्त होतंच, नि पायथ्याशी लाटा धुवायला. खाण बंद करताना असा एक ढीग उचलून फ्योर्डच्या तळाशी नेला.

खडकफोड्या: हे मोजायला नमुने कशाचे घेतात?

दर्यावर्दी: समुद्रशेवाळ आणि निळे शिंपले. शेवाळाची फक्त नवी टोकं खुडायची, म्हणजे त्याच हंगामातला विरघळलेला धातू कळतो. शिंपले एकाच मापाचे निवडा; लहान-मोठे मिसळले तर आकड्यांची तुलना होत नाही. उकलण्याआधी स्वच्छ समुद्रपाण्यात ठेवून पोट रिकामं होऊ द्या, नाहीतर गिळलेला गाळही मोजला जाईल. आकडा लवकर उतरेल अशी आशा मात्र नको. तिथले शिंपले स्वच्छ पाण्यात नेऊन ठेवले, तरी शिसे फार सावकाश उतरलं. हवेतल्या धुळीसाठी दगडफूल.